ऑक्टोबरमधल्या त्या सोमवारचे नाव काय लिहावे?

प्रश्न : काठावरचा

गेली चौदा वर्षे मी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका लहान गावात राहतो आणि गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळावर विनावेतन काम करतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या सुट्टीला गावाच्या कागदपत्रांत ‘कोलंबस डे’ऐवजी ‘इंडिजिनस पीपल्स डे’, म्हणजे मूलनिवासींचा दिवस, म्हणावे असा प्रस्ताव सिलेक्ट बोर्डापुढे, म्हणजे गावाच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळापुढे, आला असून सर्व मंडळांकडून लेखी मत मागवले आहे. आमच्या मंडळाच्या मताचा मसुदा माझ्याकडे आला, कारण मी कोणत्याच बाजूचा नाही असे सहकाऱ्यांना वाटले. कोलंबस ज्या देशाच्या शोधात निघाला आणि जिथे तो कधीच पोहोचला नाही, त्या देशातला माणूस या वादात पंच व्हावा, यावर बैठकीत सगळे हसलेही.

माझी अडचण अशी की पहिल्या वाचनात मला हा प्रस्ताव सरळसरळ योग्य वाटला होता. परंतु मंडळातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य, ज्यांचे आजोबा दक्षिण इटलीतून येऊन इथल्या कापडगिरणीत लागले होते, ते सगळा वेळ गप्प बसले आणि शेवटी एवढेच म्हणाले, “वर्षातला हा एकच दिवस आमच्या वाट्याला आला होता.” त्यांना कोलंबसाविषयी फार प्रेम आहे असे मला कधी जाणवलेले नाही; तरीही त्यांचे ते वाक्य मला ओलांडता येत नाही.

म्हणून विचारतो. गावाला असे नाव बदलण्याचा अधिकार मुळात आहे का? नाव बदलल्याने इतिहास पुसला जातो, या आक्षेपात तथ्य किती? आणि एका समाजाला जागा देताना दुसऱ्याची जागा काढून घेतल्यासारखे होऊ नये, यासाठी मसुद्यात काय लिहावे? घोषणा नकोत, माहिती हवी आहे.

प्रतिसाद : कलम आणि पोटकलम

अधिकाराचा प्रश्न आधी मोकळा करतो, कारण तो वाटतो तितका गुंतागुंतीचा नाही. अमेरिकेत सर्व देशाला बंधनकारक अशी सार्वजनिक सुट्टी नसते. संसदेने ठरवलेली सुट्टी केंद्र सरकारच्या कचेऱ्या, टपाल खाते आणि फेडरल रिझर्व्ह यांना लागू होते. राज्ये आपापली यादी करतात आणि खासगी कंपन्या आपल्या मर्जीने वागतात. म्हणूनच त्या सोमवारी टपाल बंद आणि न्यूयॉर्कचा शेअर बाजार चालू असे दृश्य दरवर्षी दिसते.

कोलंबस डे केंद्राच्या यादीत आला तो १९६८ च्या कायद्याने, आणि १९७१ पासून तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी पाळला जाऊ लागला. त्या कायद्यातले नाव आजही तेच आहे. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी २०२१ मध्ये मूलनिवासी दिनाचे घोषणापत्र काढले, त्या वेळी कोलंबस डेचेही काढले. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फक्त कोलंबस डेचे काढले. घोषणापत्र हे त्या त्या राष्ट्राध्यक्षाचे मत असते, त्याने कायद्याचा शब्द हलत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातही कोलंबस डेच आहे. तरीही केंब्रिजने २०१६ मध्ये आणि बॉस्टनने २०२१ मध्ये महापौरांच्या आदेशाने आपल्या शहरापुरते नाव बदलले. तुमचे गाव राज्याची सुट्टी बदलू शकत नाही, मात्र आपल्या दिनदर्शिकेत, आपल्या ग्रंथालयाच्या दारावर आणि आपल्या समारंभांत त्या दिवसाला काय म्हणायचे हे ठरवू शकते. मसुद्यात हा फरक स्पष्ट लिहावा, म्हणजे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण सुट्टीचे नाव म्हणजे दगडावरची रेघ असे समजून बोलणारे पुष्कळ भेटतात. नोव्हेंबरमधला ‘आर्मिस्टिस डे’ हा पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीचा दिवस होता. दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध लढून आलेल्या सैनिकांना त्या नावात जागा नव्हती, म्हणून १९५४ मध्ये संसदेने कायदा करून त्याचे ‘व्हेटरन्स डे’ केले. म्हणजे अधिक लोकांना सामावण्यासाठी सुट्टीचे नाव बदलणे या देशाला नवे नाही. त्याच दिवसाची दुसरी गोष्टही सांगण्यासारखी आहे: वर उल्लेखलेल्या कायद्याने तो ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ढकलला, लोकांना ते मानवले नाही, आणि १९७८ पासून तो पुन्हा ११ नोव्हेंबरवर आला. नाव बदललेले लोकांनी स्वीकारले, तारीख बदललेली स्वीकारली नाही.

प्रतिसाद : बखरवाचक

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे वाक्य ऐतिहासिकदृष्ट्या अगदी अचूक आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय मसुदा लिहू नये असे मला वाटते.

कोलंबसाचे उत्सव अमेरिकेत १७९२ पासून अधूनमधून होत आले, पण या दिवसाला आजचे वजन आले त्यामागे न्यू ऑर्लिन्समधील एक घटना आहे. तिथल्या पोलीसप्रमुखाची १८९० मध्ये हत्या झाली आणि संशयाची सुई इटालियन स्थलांतरितांकडे वळली. नऊ जणांवर खटला चालला. सहा निर्दोष सुटले आणि तिघांच्या बाबतीत ज्युरींचे एकमत झाले नाही. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च १८९१ रोजी, जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना ठार केले, ज्यांतल्या काहींवर खटला चाललाही नव्हता. शहरातील प्रतिष्ठित मंडळी त्या जमावाच्या अग्रभागी होती. इटलीने आपला राजदूत परत बोलावला आणि अमेरिकेला पुढे सुमारे २५ हजार डॉलरची भरपाई द्यावी लागली. १८९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसाच्या आगमनाच्या चारशेव्या वर्षानिमित्त देशभर उत्सव करण्याचे आवाहन केले, तेव्हा ही जखम ताजी होती.

इटालियन समाजाने त्या दिवसाला घट्ट धरले ते यामुळे. ज्यांना घर भाड्याने मिळत नव्हते, ज्यांचा धर्म संशयास्पद मानला जात होता, त्यांना ‘आमचाच एक माणूस इथे सर्वांत आधी आला’ असे सांगता येणे ही मोठी ढाल होती. १९०७ मध्ये कोलोरॅडो हे कायद्याने सुट्टी देणारे पहिले राज्य ठरले, त्यामागेही तिथल्या इटालियनांचा पाठपुरावा होता. आणि दुसऱ्या महायुद्धात इटालियन नागरिकत्व असलेल्या सुमारे सहा लाख रहिवाशांवर ‘शत्रुदेशीय’ हा शिक्का बसला होता, तो काढल्याची घोषणा सरकारने मुद्दाम १९४२ च्या कोलंबस डेला केली. तुमच्या सहकाऱ्यांच्या घरी ही आठवण कुणीतरी सांगितलेली असणार.

तेव्हा हा दिवस स्वतःच एका वगळल्या गेलेल्या समाजाला आत घेण्यासाठी वाढवला गेला होता. दुर्दैव एवढेच, की त्यासाठी निवडलेला माणूस दुसऱ्या एका समाजाच्या विनाशाचा आरंभकर्ता होता.

प्रतिसाद : रोखठोक

वरील इतिहास मान्य आहे, पण निष्कर्षाकडे जी वाटचाल चालली आहे ती मान्य नाही. नामांतराचे वाद मराठी वाचकाला नवे नाहीत. तिथली तुलना इथे ओढून आणत नाही, फक्त एवढेच म्हणतो की पाटी बदलली म्हणजे काम झाले, या समाधानाचा मला संशय येतो. पंधराव्या शतकातल्या दर्यावर्दी माणसाला एकविसाव्या शतकाच्या तराजूत तोलायचे असेल तर मग कोणाचाच दिवस उरणार नाही. शिवाय लाखो लोक मेले ते प्रामुख्याने देवीसारख्या रोगांनी, आणि रोग कोणी ठरवून आणले नव्हते. मूलनिवासींचा सन्मान करायचाच असेल तर वर्षाचे उरलेले दिवस मोकळे आहेत. कॅलिफोर्नियात सप्टेंबरच्या चौथ्या शुक्रवारी वेगळा दिवस आहेच. दुसऱ्याचा दिवस काढून घेण्याचा हट्ट कशासाठी?

प्रतिसाद : बखरवाचक

तीनही मुद्दे विचार करण्याजोगे आहेत, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

‘त्या काळाचे निकष’ हा युक्तिवाद सामान्यतः मलाही पटतो. कोलंबसाच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण त्याच्यावर टीका करणारे लोक त्याच काळातले होते. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामामधल्या, तिथले लोक ज्याला ग्वानाहानी म्हणत त्या बेटावर तो उतरला आणि दोनच दिवसांनी रोजनिशीत लिहून गेला की पन्नास माणसे हाताशी असली तर या सगळ्यांना अंकित करता येईल. १४९५ मध्ये हिस्पॅनिओला (आजचे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक) या बेटावरून तिथल्या मूलनिवासी ताइनो समाजाच्या सुमारे पाचशे स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून स्पेनला धाडण्यात आले. त्यांपैकी दोनशेच्या आसपास वाटेतच मेले. सोन्याच्या भागातल्या चौदा वर्षांवरील प्रत्येक ताइनोने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधतात तेवढा घुंगरू भरून सोने द्यावे, असा कर बसवला गेला, आणि तेवढे सोने तिथल्या ओढ्यांत नव्हतेच. त्याच्या कारभाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १५०० मध्ये राजदरबाराने पाठवलेल्या बोबादिया या अधिकाऱ्याने त्याला बेड्या घालून स्पेनला परत पाठवले. त्याच वर्षी राणी इसाबेलाने स्पेनमध्ये विकल्या गेलेल्या मूलनिवासींपैकी काहींना मुक्त करून मायदेशी पाठवण्याचा हुकूम दिला. १५११ मध्ये मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने त्याच बेटावरच्या सांतो दोमिंगोच्या व्यासपीठावरून वसाहतवाल्यांना त्यांच्या तोंडावर जाब विचारला. एकविसाव्या शतकाचा तराजू आणायची गरजच नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकातला पुरेसा आहे.

रोगांबद्दल. देवीची पहिली नोंदलेली साथ हिस्पॅनिओलात पोहोचली ती १५१८ च्या अखेरीस. मूळ लोकसंख्येच्या अंदाजांत काही लाखांपासून कित्येक लाखांपर्यंत तफावत आहे, परंतु १५१४ मध्ये मजुरांच्या वाटणीसाठी झालेल्या मोजणीत तीस हजारांहूनही कमी ताइनो उरले होते. म्हणजे ऱ्हासाचा मोठा भाग देवी येण्यापूर्वीचा आहे, आणि त्यात खाणीतली वेठ, उपासमार आणि पळापळ यांचा वाटा नाकारता येत नाही.

‘वेगळा दिवस का नाही’ याचे उत्तर मात्र मी इतक्या ठामपणे देणार नाही. मागणी नेमकी याच तारखेसाठी होती, कारण प्रश्न सन्मानाचा जितका होता तितकाच त्या तारखेच्या अर्थाचा होता. १९७७ मध्ये जिनीव्हात अमेरिका खंडांतील मूलनिवासींवरील भेदभावाविषयी परिषद भरली, तिथूनच १२ ऑक्टोबरचा अर्थ पालटावा अशी मागणी पुढे आली. एखाद्याच्या घरात शिरल्याचा वर्धापनदिन साजरा होत असताना त्या घरच्यांना ‘तुम्हाला सप्टेंबरमधला शुक्रवार देतो’ म्हणणे हे उत्तर त्यांना अपुरे वाटले, तर मला त्यात हट्ट दिसत नाही.

प्रतिसाद : खडू आणि फळा

मी न्यू इंग्लंडमधल्या एका सरकारी शाळेत इतिहास शिकवते. ‘रोखठोक’ यांचा पाटीविषयीचा संशय मला रास्त वाटतो आणि त्याला उत्तर म्हणून दोन राज्यांकडे बोट दाखवते.

साउथ डकोटाने १९९० मध्ये कोलंबस डेच्या जागी ‘नेटिव्ह अमेरिकन्स डे’ आणला, तोही कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या दोन वर्षे आधी, ज्या शहराचे नाव या बाबतीत नेहमी पहिले घेतले जाते. वूंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने केलेल्या लकोटा या मूलनिवासी समाजाच्या कत्तलीचे ते शंभरावे वर्ष होते. एका लकोटा पत्रकाराने मागणी लावून धरली, गव्हर्नर मिकलसन यांनी ते वर्ष समेटाचे वर्ष म्हणून जाहीर केले आणि विधिमंडळाने नाव बदलले. तिथे बदल एका जिवंत, शेजारी राहणाऱ्या समाजाशी बोलून झाला.

कोलोरॅडोची तऱ्हा वेगळी आहे. डेन्व्हरमध्ये कोलंबसाच्या मिरवणुकीवरून वर्षानुवर्षे तंटे झाले. ज्या राज्याने ही सुट्टी सर्वांत आधी दिली, त्यानेच २०२० मध्ये ती रद्द केली आणि ऑक्टोबरचा पहिला सोमवार फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांच्या नावे केला. त्या लोम्बार्डीत जन्मलेल्या जोगीण, स्थलांतरितांसाठी शाळा, इस्पितळे आणि अनाथालये उभारणाऱ्या. संतपद मिळालेल्या पहिल्या अमेरिकन नागरिक. म्हणजे इटालियन समाजाचा दिवस राहिला, माणूस बदलला. याउलट न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी २०२१ मध्ये ‘इटालियन हेरिटेज डे’ आणि ‘इंडिजिनस पीपल्स डे’ ही दोन्ही नावे मध्ये तिरकी रेघ मारून एकाच सोमवारी बसवली. मला ती रेघ आवडत नाही. मुले विचारतात, “बाई, आज नक्की कोणाचा दिवस?” आणि त्यावर माझ्याकडे धड उत्तर नसते.

तुमच्या राज्यापुरते सांगायचे तर इटालियनांच्या अभिमानासाठी जेनोआच्या खलाशाची, म्हणजे कोलंबसाची, मुळीच गरज नाही, आणि त्याने आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवर पाऊलही ठेवलेले नव्हते. १९१२ मध्ये लॉरेन्सच्या कापडगिरण्यांत मजुरी कापली गेली तेव्हा जो संप झाला, त्यात इटालियन कामगार आघाडीवर होते. सॅको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन स्थलांतरितांना याच राज्याने १९२७ मध्ये मृत्युदंड दिला आणि पन्नास वर्षांनी, १९७७ मध्ये, गव्हर्नर डुकाकिस यांनी त्यांच्यावरचा खटला न्याय्य झाला नव्हता असे जाहीर केले. तुमच्या सहकाऱ्यांचे आजोबा गिरणीत होते असे तुम्ही लिहिले आहे. ग्रंथालय आहे तर त्या गिरणीच्या कागदांचे प्रदर्शन भरवता येईल.

आणि एक विनंती. मॅसॅच्युसेट्स हे नावच मूळचे एका जमातीचे आहे. वॅम्पनोआग आणि निपमक समाज आजही इथे आहेत. १९७० मध्ये पिल्ग्रिमांच्या, म्हणजे इथे येऊन वसलेल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतवाल्यांच्या, आगमनाला ३५० वर्षे झाल्याच्या समारंभात वॅम्पनोआग नेते वामसुटा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावले गेले, मजकूर आधी मागवला गेला आणि तो न रुचल्याने बदलून दिला गेला. दुसऱ्याने लिहिलेले भाषण वाचायला त्यांनी नकार दिला, आणि प्लिमथच्या टेकडीवर थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळण्याची प्रथा तेव्हापासून सुरू झाली. तुमच्या मंडळाने मसुदा करताना त्या समाजाच्या प्रतिनिधींना विचारले आहे का? प्रश्नात तसा उल्लेख दिसला नाही.

प्रतिसाद : रोखठोक

देवीच्या साथीचे वर्ष मला ठाऊक नव्हते. तो मुद्दा मागे घेतो. वेगळ्या दिवसाबद्दलचे माझे मत कायम आहे, पण कोलोरॅडोचा मार्ग मला तिरक्या रेघेपेक्षा पुष्कळ बरा वाटतो. तुमच्या गावाला सुट्टी वाढवता येणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. पगारी सुट्टी म्हटली की खर्चाचा प्रश्न येतो. ओहायोमधल्या कोलंबस शहरानेच २०१८ मध्ये कोलंबस डे पाळणे थांबवले, ते तत्त्वासाठी नव्हे, तर ती सुट्टी व्हेटरन्स डेला द्यायची होती म्हणून.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : काठावरचा

‘खडू आणि फळा’ यांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर नाही असे आहे. आम्ही कोणालाच विचारले नव्हते, आणि ते आमच्या लक्षातही आले नव्हते. निपमक समाजाच्या कार्यालयाला मी पत्र पाठवले असून त्यांचे उत्तर येईपर्यंत आमचे मत अंतिम करू नये असे मंडळाने मान्य केले आहे.

दरम्यान मसुदा असा झाला आहे. राज्याच्या आणि केंद्राच्या कायद्यातील नाव बदलण्याचा या गावाला अधिकार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात आहे. गावाच्या दिनदर्शिकेत त्या सोमवारी ‘इंडिजिनस पीपल्स डे’ असे एकच नाव असावे, तिरकी रेघ नसावी, ही शिफारस दुसऱ्यात. तिसरा परिच्छेद सर्वांत मोठा आहे. कोलंबस डे का सुरू झाला, न्यू ऑर्लिन्समध्ये काय घडले आणि १९४२ मध्ये त्या दिवशी काय जाहीर झाले, हे त्यात सविस्तर लिहिले असून गावातील इटालियन गिरणीकामगारांच्या कागदपत्रांचे आणि छायाचित्रांचे कायमस्वरूपी दालन ग्रंथालयात करावे, असे सुचवले आहे. नवी पगारी सुट्टी मागितलेली नाही.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी हा मजकूर बैठकीपूर्वी त्यांच्या घरी जाऊन दाखवला. शिफारशीच्या बाजूने मत देईन असे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यांनी चष्मा लावून तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. मी तिथे ‘काही इटालियनांची हत्या झाली’ असे लिहिले होते. त्यांनी पेन मागून घेतले, ‘काही’ खोडले आणि वर ‘अकरा’ लिहिले. मग आतल्या खोलीतून आजोबांचा गिरणीतला हजेरीपास आणून माझ्या हातात दिला आणि दालनाला कुलूप असणार आहे ना, एवढे विचारले.